चौदा महिने कॉन्ट्रॅक्ट नाही, आणि बेळगावात सगळे विचारतात, "सध्या काय करूलालाय?"

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, जावा या प्रोग्रामिंग भाषेत बॅकएंडचा, म्हणजे पडद्यामागच्या सॉफ्टवेअरचा, १३ वर्षांचा अनुभव, त्यातली शेवटची सहा वर्षं पुण्यात व्हेंडर, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या कंपनीमार्फत, कॉन्ट्रॅक्टवर. शेवटचा रेट महिन्याला १ लाख ६० हजार. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढे वाढवून मिळालं नाही. वाकडचा फ्लॅट भाड्याने दिलात आणि बायको-मुलीला घेऊन बेळगावातल्या वडगावला आई-वडिलांकडे आलात. फ्लॅटचा हप्ता ३८ हजार, भाडं येतं २३ हजार. चारशेच्या वर अर्ज केले, पाच मुलाखती झाल्या, हातात शून्य. वडिलांचं मिल स्टोअर्सचं दुकान आहे, बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील. ते म्हणतात दुकानात ये. आणि तुम्ही विचारता की रेट किती खाली आणू, दीड लाखाचा एआयचा कोर्स करू का, की हे क्षेत्रच सोडून देऊ.

आधी उत्तरं देते, कारणं मागाहून. कोर्स नको. क्षेत्र सोडायचं का हे आज ठरवू नका, पण ठरवायची तारीख आज लावा. आणि रेट नुसता खाली आणून काही होणार नाही, कारण तुमची अडचण रेटची नाहीच. ज्याचं काम अडलंय तो माणूस आणि तुम्ही यांच्या मध्ये तीन-चार माणसं उभी आहेत, अडचण ती आहे. तेजीत ती माणसं काम तुमच्यापर्यंत आणून देतात. मंदीत तीच काम अडवतात. त्यांचा त्यात दोष असतोच असं नाही, पण अडतं हे खरं.

मी बेळगावातच इंजिनिअरिंग केलं, १९९८ ला पुण्याला गेले, ओरॅकल डेटाबेसवर काम केलं आणि २००४ पासून कॉन्ट्रॅक्टवरच आहे. २००१ ची मंदी नोकरीत असताना बघितली, २००९ ची कॉन्ट्रॅक्टवर असताना अंगावर घेतली. ही तिसरी, आणि तिन्हींत चिवट.

२००८ च्या सप्टेंबरात लेहमन ही अमेरिकन बँक बुडाली, २००९ च्या जानेवारीत सत्यम या आयटी कंपनीचं हिशेबाचं प्रकरण फुटलं, सगळं धाडकन बंद पडलं. पण दीडेक वर्षात फोन पुन्हा वाजायला लागले. या वेळी धाडकन काही झालं नाही, नळाचं पाणी बारीक होत जावं तसं झालं. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांपर्यंत नेला. फुकटचा पैसा संपला की पहिली कात्री 'नंतर केलं तरी चालेल' अशा प्रोजेक्टवर पडते, आणि कॉन्ट्रॅक्टवाले नेमके तिथेच असतात. त्यातच तिकडच्या २०१७ च्या कर-कायद्यातलं एक कलम २०२२ पासून लागू झालं. अमेरिकेबाहेर करून घेतलेल्या सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटचा खर्च तिथल्या कंपनीला त्याच वर्षी वजा करता येत नाही, तो १५ वर्षांत विभागून दाखवावा लागतो. विभागून दाखवायची अट देशातल्या खर्चालाही होती; जुलै २०२५ मध्ये त्यांनी ती तेवढी काढली, बाहेरच्या खर्चाची ठेवली. वाकडच्या चहाच्या टपरीवर हे कुणी बोलत नाही, पण तुमचं कॉन्ट्रॅक्ट न वाढण्यात याचाही वाटा असू शकतो. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं, २०२५ च्या जुलैत टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं. बड्या कंपन्यांच्याच घरात माणसं रिकामी बसलेली असताना त्या बाहेरून माणूस कशाला घेतील? आधी बेंचवरची, म्हणजे ही रिकामी बसलेली, माणसं कामाला लावणार, मग तुमच्याकडे बघणार.

आता तुमच्या चारशे अर्जांकडे येऊ. एखाद्या मोठ्या क्लायंटला एक जावाचा माणूस हवा असतो. ती रिक्वायरमेंट त्यांच्या पॅनेलवरच्या मुख्य व्हेंडरकडे जाते, तो ती खालच्या पाच-सहा व्हेंडरना टाकतो, त्यातले दोघे आणखी खाली टाकतात. प्रत्येक जण पोर्टलवर वेगळी जाहिरात लावतो. जागा एक, जाहिराती दहा, आणि तुम्ही दहाही ठिकाणी अर्ज करता. कधी तर जागाच नसते. व्हेंडरला टेंडर भरायचं असतं, 'आमच्याकडे एवढी माणसं तयार आहेत' असं दाखवायला प्रोफाइल गोळा करायचे असतात. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

यात एक फसवं वळण आहे, ते बऱ्याच जणांना उशिरा कळतं. दोन व्हेंडरनी तुमचा रेझ्युमे एकाच क्लायंटकडे पाठवला तर क्लायंट बहुतेक वेळा दोन्ही फेकून देतो. हा उमेदवार कुणाचा, या भांडणात त्याला पडायचं नसतं. त्यामुळे क्लायंटचं नाव सांगितल्याशिवाय कुणालाही रेझ्युमे पुढे पाठवायची परवानगी देऊ नका, आणि कुणी कधी कुठे पाठवला याची वही ठेवा. एक्सेल नको, वहीच ठेवा. फोन चालू असताना वही उघडायला वेळ लागत नाही.

आता माझं २००९ सांगते. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं. मुलगा दोन वर्षांचा, नवऱ्याची नोकरी बेळगावातच, म्हणून टिळकवाडीला परत आले. लोकांना सांगितलं, रजेवर आहे. तेव्हा घरून काम ही भानगडच नव्हती, त्यामुळे रजा सहा महिने चालते कशी हे कुणालाच पटेना, तरी मी तेच सांगत राहिले. दुपारी काँग्रेस रोडवरून जाताना कॉलेजातलं कुणी दिसलं की रस्ता बदलायची. 'सध्या काय करूलालीस?' हा प्रश्न टाळण्यासाठी मी सात महिने घालवले. आणि गंमत अशी की ज्यांना टाळत होते त्यातल्या दोघी तेव्हा बेंगळुरूच्या कंपन्यांत टीम लीड होत्या.

सातव्या महिन्यात पुण्याच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. पूर्वी शेजारच्या टेबलावर बसायचा. पहिलं वाक्य, 'बेळगावचा कुंदा कधी पाठवतेस?' दुसरं, 'महिनाअखेरचा एक जॉब नऊ-नऊ तास चालतोय, कुणालाच हात लावायचा नाहीये, बघशील का?' जॉब म्हणजे नोकरी नव्हे, डेटाबेसवर आपोआप चालणारं काम. त्याला माझा रेझ्युमे नको होता. मी अशी कामं करते हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. तीन आठवड्यांत तो जॉब पन्नास मिनिटांवर आला. चुकीच्या जागी बसलेला एक इंडेक्स आणि एकेक ओळ फिरवणारा एक लूप, बाकी काही नव्हतं. त्या तीन आठवड्यांच्या कामाचं पुढे अडीच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट झालं. मध्ये एकही व्हेंडर नव्हता.

म्हणून पहिलं काम हे करा. तुमचं काम ज्यांनी जवळून बघितलंय अशा माणसांची नावं लिहा. मॅनेजर, टेस्टर, क्लायंटकडची माणसं, तुमच्यानंतर ते काम हाती घेतलेला मुलगा, सगळे. १३ वर्षांत अशी चाळीस तरी निघतील. रोज तिघांना फोन करा. मेसेज टाकून बसू नका, मेसेजला 'नक्की सांगतो' असं उत्तर येतं आणि विषय तिथेच मिटतो. फोनवर 'काही ओपनिंग असेल तर सांगा' हे वाक्य तोंडात येऊ देऊ नका. ते ऐकलं की समोरचा मनात एचआरकडे बघतो, आणि एचआरकडे काही नसतं. त्याऐवजी विचारा, 'तुमच्याकडे असं काय पडून राहिलंय जे कुणाला करायचं नाहीये?' त्याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं.

जावावाल्यांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा काय असतं ते मीच सांगते. जावातलं सॉफ्टवेअर स्प्रिंग बूट नावाच्या तयार सांगाड्यावर बांधतात. त्यातल्या स्प्रिंग बूट २ चा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतं, आणि कोडमध्ये जागोजागी 'जावाएक्स' हे जुनं नाव बदलून 'जकार्ता' करावं लागतं. कागदावर हे शोधा-आणि-बदला इतकं सोपं दिसतं, प्रत्यक्षात जुन्या लायब्रऱ्या, डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबरनेटची नवी आवृत्ती आणि सिक्युरिटीची बदललेली मांडणी मिळून महिना खातात. कितीतरी कंपन्या अजून जावा ८ वर बसल्या आहेत, म्हणजे २०१४ सालच्या आवृत्तीवर. त्यात २०२३ च्या जानेवारीत ओरॅकलने जावाचं लायसन्स कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर लावलं, त्यामुळे ओपनजेडीके या जावाच्याच फुकटच्या रूपाकडे जाण्याची अनेकांना घाई आहे. ही कामं कंटाळवाणी असतात, टीममधल्या हुशार पोरांना नको असतात, आणि सिक्युरिटी ऑडिटचा शेरा आला की टाळताही येत नाहीत. 'सीनियर जावा डेव्हलपर' म्हणून तुम्ही हजारांतले एक आहात. 'जावा ८ वरून १७ किंवा २१ वर नेऊन देतो, आधी आठ दिवस तपासून किती काम आहे ते लेखी देतो' असं म्हणणारे फार थोडे आहेत. दीड लाखाच्या कोर्सऐवजी घरी बसून एखादा जुना ओपन सोर्स प्रोजेक्ट असा उचलून न्या. एआयची साधनं त्याच कामात वापरा. कुठे त्यांनी वेळ वाचवला, कुठे चुकीचं काहीतरी ठामपणे सांगितलं, हे लिहून ठेवा. मुलाखतीत आता हेच विचारतात, सर्टिफिकेट कुणी मागत नाही.

रेटचं म्हणाल तर महिन्याचा रेट पडेल तेवढा पाडून व्हेंडरच्या गळ्यात पडू नका. एकदा ९० हजारांवर गेलात की त्याच्या शीटमध्ये तुम्ही कायमचे ९० हजारांचे. ठरलेलं काम, ठरलेली रक्कम असं द्या. आठ दिवसांची तपासणी ३० हजार, त्यापुढचं काम तपासणीनंतर ठरवू. समोरच्यालाही असा छोटा खर्च वरून मंजूर करून घेणं सोपं जातं, सहा महिन्यांच्या माणसासाठी त्याला तीन सह्या लागतात.

तरी व्हेंडरमार्फत काही आलं तर घ्या, मी सोवळं पाळायला सांगत नाही. फक्त आधी तीन गोष्टी विचारा: शेवटचा क्लायंट कोण, मध्ये किती थर, आणि पैसे किती दिवसांत. 'क्लायंटने दिले की आम्ही देतो' हे कलम दिसलं तर खोडायला सांगा. माझी एका व्हेंडरकडे दोन महिन्यांची बिलं अडकली होती. क्लायंटने त्याला वेळेवर पैसे दिले होते, त्याने ते दुसरीकडे फिरवले. अकरा महिने रोज फोन करून ते मिळाले, तेही हप्त्याहप्त्याने.

तेव्हा मला एक गोष्ट माहीत नव्हती, ती तुम्ही आजच करा. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी, फुकट आहे, अर्ध्या तासात होते. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. त्याहून उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ पासून आयकरात अशी तरतूद आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा मिळतो. कोर्टाच्या धमकीने न हलणारा अकाउंटंट हे ऐकून हलतो, मी बघितलंय. पण नोंदणी काम घेण्याच्या आधीची हवी. आणि बिलावर उद्यम नंबर छापा.

आता बेळगाव. तुम्ही लिहिलंय, 'इथे आयटी नाहीच.' पुण्यासारखं नाही, खरं आहे. राज्य सरकार बेंगळुरूबाहेर आयटी नेण्याच्या योजनांत हुबळी-धारवाड-बेळगाव असं एकत्र नाव घेतं, त्यातून तुमच्या दारात उद्या काही येईल असं मी म्हणणार नाही. पण तिसऱ्या गेटच्या पुढे खानापूर रोडला लागलात की उद्यमबागेत काय आहे? फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिक्स. पुढे मच्छे गावी तेच. त्यांच्याकडे अडलेली कामं इतकी आहेत की सांगायची सोय नाही, फक्त ते त्याला आयटी म्हणत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एका फाउंड्रीत गेले होते, ओळखीने, चहाला. डिस्पॅचच्या टेबलावर पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते. समोर चौकटीच्या कागदाची खिशातली डायरी, तिच्यात भट्टीवरून आणलेले हीट नंबर पेन्सिलीने लिहिलेले. भट्टीतून एकदा धातू वितळवून काढला की तो एक हीट, त्याचा नंबर कास्टिंगवर असतो, आणि त्या नंबरावरून स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे धातूत काय किती आहे याचा, रिपोर्ट शोधून मालाबरोबर टेस्ट सर्टिफिकेट जोडायचं असतं. ते डायरीतला नंबर एक्सेलमध्ये घालत होते, तोच पुन्हा टॅलीच्या बिलात, तोच तिसऱ्यांदा गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर. मधेच ७ आणि १ मध्ये घोटाळा झाला, त्यांनी बोटाने डायरी पुसून बघितली. मी विचारलं, चुकलं तर? "मॅडम, चुकलं की सगळा माल परत येतंय बगा. मागच्या महिन्यात एका आकड्यासाठी डेबिट नोट मारली त्यानी. मालक दोन दिवस बोलला नाही माझ्यासंगट."

मी त्यांना जे करून दिलं त्यात तंत्र म्हणून सांगण्यासारखं काही नाही. हीट नंबर भट्टीजवळच एका स्वस्त टॅबवर एकदाच टाकायचा, पुढचं सर्टिफिकेट, बिल आणि पोर्टलची फाइल त्यावरून आपोआप. नऊ दिवस लागले, ४५ हजार घेतले, वर वर्षाला १२ हजार देखभालीचे. खरं अवघड काम कोडचं नव्हतं. भट्टीजवळचा पोरगा हातमोजे काढून टॅबला हात लावायला तयार नव्हता, म्हणून आकडे तळहाताएवढे मोठे करावे लागले. पुण्याच्या ऑफिसात बसून हे सुचलं नसतं.

तशीच ई-इनव्हॉइसची कामं. ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते सक्तीचं आहे, आणि एप्रिल २०२५ पासून १० कोटींच्या वरच्यांना बिल ३० दिवसांच्या आत सरकारी पोर्टलवर चढवावं लागतं, नाहीतर पोर्टल घेतच नाही. साखर कारखान्यांकडे ऊस वजनाच्या नोंदी आणि शेतकऱ्यांची बिलं, निपाणी-चिकोडीकडच्या पतसंस्थांकडे कुणीतरी पूर्वी करून दिलेलं आणि आता वाली नसलेलं सॉफ्टवेअर. तुम्हाला कन्नड बोलता येतं असं लिहिलंय. लाजू नका त्याची. मालकाशी मराठीत, सुपरवायझरशी कन्नडमध्ये आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाशी इंग्रजीत, हे तिन्ही एका बैठकीत करणारा माणूस बेंगळुरूहून येत नाही.

पण इथला पैसा पुण्याचा नाही, हे धरूनच चला. आणि "एवढं एक करून द्या की, तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम" हे वाक्य प्रत्येक गुरुवारी ऐकू येईल. म्हणून काय करणार हे एका पानावर मराठीत लिहून सही घ्या, निम्मे पैसे आधी घ्या. सही मागितल्यावर रागावणारा मालक पैसेही देत नाही, असा माझा तरी अनुभव.

जाता जाता जीएसटीची आपल्या भागातली एक मजा. सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या खाली नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे सुरुवातीला तुम्हाला तो प्रश्न येणार नाही. पण नोंदणी केलीत तर अर्ध्या तासावरच्या, पण महाराष्ट्रातल्या, शिनोळीच्या कारखान्याचं बिल आंतरराज्य, म्हणजे आयजीएसटी, आणि पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूचं बिल घरातलं. सीमाप्रश्न कोर्टात पडून आहे, जीएसटीने आपल्यापुरता सोडवून टाकलाय. मोठ्या बिलातून मात्र टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, बहुतेक वेळा कापला जातो, साधारण १० टक्के. मागच्या व्हेंडरने कापलेला टीडीएस खरंच भरलाय का, हे आज आयकर पोर्टलवरच्या २६एएस या नोंदपत्रात बघा. रिकाम्या वर्षात तो परतावा म्हणून हातात येतो, आणि कापून न भरणारेही असतात.

फसवणुकीबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही शहाणे आहात. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा, लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारा, मुलाखत दुसरा देईल म्हणणारा, वाढवलेल्या अनुभवाचे कागद करून देणारा, या चौघांना दारात उभं करू नका. खोट्या अनुभवाचं पीएफच्या नोंदीवरून लगेच कळतं. पैसे गेलेच तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन.

रेझ्युमेवरच्या १४ महिन्यांना 'करिअर ब्रेक' लिहू नका आणि खोटी कंपनीही उभी करू नका. पहिलं ४५ हजारांचं काम झालं की तिथे 'स्वतंत्र सल्लागार, बेळगाव' असं लिहा आणि खाली ते काम दोन ओळींत सांगा. हीट नंबरची गोष्ट मी पुण्यातल्या एका मुलाखतीत सांगितली होती. समोरचे तिघे वीस मिनिटं त्यावरच बोलत राहिले.

आता पैसे आणि तारीख. दर महिन्याला फ्लॅटवर तुमचे १५ हजार खिशातून जातात, वर सोसायटीचा मेंटेनन्स. बायकोच्या शाळेच्या पगारावर घर चाललंय असं लिहिलंय. हिशेब कागदावर मांडा: शिल्लक भागिले महिन्याची तूट, म्हणजे किती महिने. त्यातले शेवटचे चार महिने हात लावायचे नाहीत असं समजा. जे उरतं ती तुमची तारीख. आरोग्य विम्याचा हप्ता चुकवू नका, कंपनीचा विमा गेलाय आणि आई-वडील सत्तरीकडे आहेत. क्रेडिट कार्डावर हप्ता फिरवायला सुरुवात केलीत तर तारीख उलटून गेली असं धरा. त्या दिवसापर्यंत नवीन कामातून महिना सरासरी ३० हजार तरी येत नसतील, तर कॉन्ट्रॅक्टचा हट्ट सोडून मिळेल ती पगारी नोकरी घ्या, पुणे, हुबळी, बेंगळुरू, कुठेही, ४० टक्के कमी असली तरी. परदेशी कंपन्यांची स्वतःची इथली ऑफिसं, ज्यांना जीसीसी म्हणतात, अजून माणसं घेतायत, पण बहुतेक पक्की नोकरी म्हणून. बेळगावहून आता पुण्यालाही वंदे भारत आहे, बेंगळुरूलाही, आठवड्याला येऊन-जाऊन राहणारे डबाभर आहेत. फ्लॅट विकायचा विचार त्या तारखेनंतर करा, घाबरून आत्ता नको. भाडेकरू आहे तोवर तो गळ्यातला धोंडा नाही.

राहिलं वडिलांचं दुकान. तुम्ही लिहिलंय की दिवसा काउंटरवर बसायला लाज वाटते, ओळखीचे लोक दिसतात. अहो, तिथे कोण येतं हे तुम्ही बघितलंत का? बेअरिंग न्यायला येतो तो मशीन शॉपचा मेंटेनन्सवाला, बेल्ट न्यायला फाउंड्रीचा सुपरवायझर, आणि महिनाअखेरीला उधारी चुकती करायला कारखान्याचा अकाउंटंट. मी उद्यमबागेत एका चहासाठी तीन ओळखी काढल्या, तुमच्या वडिलांकडे ते तीस वर्षं स्वतःहून येतायत. कोण वेळेवर पैसे देतो आणि कोण फिरवतो हेही त्यांना पाठ असणार, मला ते कळायला अकरा महिने लागले होते. सकाळी अकरा ते दुपारी एक काउंटरवर बसा. कुणी विचारलं 'सध्या काय करूलालाय' तर सांगा, 'बिलिंग, चलन, सर्टिफिकेटचं कुठे अडलं असेल तर ते सोडवून देतो.' आणि आज रात्री जेवण झालं की वडिलांकडून उधारीची वही मागून घ्या, त्यांच्या शेजारी बसून पहिल्या पानापासून एकेक नाव विचारा.